पातेऱ्यातली लेकुरवाळी

कमळताईंनी माहेरच्या रानात दाताळं नेलं होतं, पाटी नेली होती, करवंदांसाठी पळसाचे द्रोण नेले होते. गव्हाची चाळण मात्र सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदाच नेली. ओहळाच्या काठाला जुनी पांढरी चादर पसरायची, लेकीने, मृणालीने, ओंजळीने उचलून दिलेला पातेरा, म्हणजे झाडांखालचा कुजका पालापाचोळा, चाळणीत घ्यायचा आणि पोहे चाळावेत तसा हलक्या हाताने हलवायचा. खाली चादरीवर माती पडे, वाळवीचे पंख पडत, रिकामे शंख, मुंग्या, एखादी गोम. आणि मग एकदम काहीतरी धावत सुटे. धावलं की मृणाली त्याच्यावर काचेची नळी उपडी घाली आणि भिंग आईच्या हातात देई.

"सांग कोण."

जिच्याकडून पाढे म्हणवून घेतले तिच्यापुढे आता स्वतः परीक्षा द्यायची, यात कमळताईंना मोठं सुख होतं. मोतीबिंदू काढलेला डोळा त्या भिंगाला लावत. आधी रंग बघायचा नाही, रंग फसवतो. पाय बघायचे नाहीत. सरळ तोंडासमोर जायचं. खाली चार बारीक डोळे एका ओळीत, त्यांच्यावर दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे समोर रोखलेले, आणि त्यांच्या मागे टाळूवर आणखी दोन. अशा तीन ओळी दिसल्या की तो लांडगा-कोळी. हा जाळं विणत नाही. पातेऱ्यात दबा धरतो आणि सावज दिसलं की धावून पकडतो.

"चार, दोन, दोन," कमळताई म्हणत. "तुझ्या कोळ्यांतलाच हा."

"आणि अंड्यांची पिशवी तोंडात धरलेली असली तर?"

"तर ती दुसरी. आपली मागं बांधते."

हे शेवटचं त्यांना पुस्तकात बघावं लागलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी गावातल्या पोरी तिला लेकुरवाळी म्हणत. आधी ती राखाडी गोळी मागे बांधून फिरे. मग गोळी फुटे आणि तिच्यातली इवली इवली पिल्लं आईच्या पाठीवर चढून बसत, एकावर एक, पाठ दिसेनाशी होईपर्यंत. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर पाला जाळून राब भाजत; त्या राबासाठी चैत्रात पाला गोळा करायला सगळं घर या उतारावर यायचं. आई गाणं म्हणत झाडायची, पोरी पाट्या भरायच्या. भाऊ, म्हणजे कमळताईंचा धाकटा भाऊ केसरीनाथ, तेव्हा चड्डीतला. त्याचा एक आवडता खेळ होता. काडीने तो तिची गोळी तोडून घेई आणि तिच्यापुढे सावरीच्या कापसाची गोळी टाकी. ती बिचारी जरा वेळ सैरभैर फिरे, मग तो कापूसच मागे बांधून चालू लागे. भाऊ पोट धरून हसे. "येडी हाय ही," म्हणे. "हिला कायपण द्या."

तोच केसरीनाथ आता गावाचा भाऊ झाला होता. भिवंडीजवळच्या वळ गावात त्याची गोदामं होती, मुलगा मनोज ती बघत होता, आणि ज्या घरात कधी मीठभाकर मोजून खाल्ली त्या घरासमोर दोन मोटारी उभ्या असत. भातशेती जाऊन त्यावर पत्रे चढले तेव्हा वडील नुकतेच गेले होते. कमळताईंनी हक्कसोड लिहून दिला आणि साडी घेऊन परत आल्या. बहिणींनी असंच करायचं असतं. उरला होता तो हा उतार. वरकस जमीन, भात न पिकणारी, नुसता पाला देणारी. तिला कोणी विचारत नव्हतं म्हणून सातबाऱ्यावर कमळताईंचं नाव तसंच राहून गेलं होतं. आता गोदामं वळची वेस ओलांडून वज्रेश्वरीच्या रस्त्याने चालत चालत इथवर आली होती.

मृणाली ही कमळताईंची उशिरा झालेली एकुलती एक. भिवंडीतल्या एका कॉलेजात तासांवर शिकवायची. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि पीएचडीसाठी तिने पातेऱ्यातले लांडगा-कोळी घेतले होते. वडील, म्हणजे नगरपालिकेत कारकून असलेले कमळताईंचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दोघीच. मृणालीच्या कपाटात स्पिरिटमध्ये ठेवलेल्या कोळ्यांच्या नळ्या रांगेने उभ्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना नावं मिळाली होती. पण या ओहळाच्या काठाला, ऐनाच्या कुजक्या पाल्यात, एक वेगळाच कोळी सापडत होता. पाठीवर फिकट पट्टा, तो मागे जाऊन दुभंगलेला. कुठल्याच पुस्तकात तसा नव्हता. अडचण एवढीच की आजवर मिळाले ते सगळे अल्पवयीन.

"पोरांची जात सांगता येत नाही, आई," मृणालीने समजावलं होतं. "शेवटची कात टाकली की मादीच्या पोटाखाली एक टणक नक्षी उमटते. प्रत्येक जातीची वेगळी. ती बघितल्याशिवाय माझ्या गाईड, मुंबईच्या बाई, मानणार नाहीत. मला एक मोठी मादी पाहिजे. एकच."

"कधी होतील मोठ्या?"

"उन्हाळा संपता संपता. पावसाआधी."

म्हणजे तोवर हा पाला जागेवर राहायला हवा होता. बाकी काही नको होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी दोघी चादर पसरून बसल्या असताना मनोज वर आला. बरोबर मोजणीवाला होता.

"काय चाळतंस, आत्या? सोनं हाय का?"

"कोळी," कमळताई म्हणाल्या.

"घरी या की. आमच्या माळ्यावर किलोनी हायत."

चादरीवरून एक कोळी निसटला आणि पाल्याकडे धावला. मृणालीने नळी उचलली, "दादा, थांब, हलू नको," म्हणाली. मनोज थांबला नाही. त्याने पाऊल उचललं, नीट नेम धरला आणि ठेवलं.

"आठ डोळे असून चप्पल न्हाय दिसली," तो मोजणीवाल्याला म्हणाला. दोघे हसले. त्याने चपलेचा तळ पाल्यावर पुसला.

मृणालीने चिमट्याने ते उचलून बघितलं. पट्टा दुभंगलेला होता. आकारावरून एखादीच कात राहिली असेल. चिमटा पुसून तिने पिशवीत ठेवला. तिचा स्वभावच तसा, गिळून टाकायचा. पण कमळताईंच्या ते जिव्हारी लागलं, आणि तिथंच पुढचं सगळं घडायला सुरुवात झाली.

त्या दुपारी दोघी जेवायला भाऊकडेच थांबल्या होत्या. भाऊच्या बायकोने, बायजाबाईने, बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. टेबलावर मनोजने पुन्हा तोच विषय काढला.

"बाबा, आपली मृणाली झुरळांची डॉक्टर होनार हाय."

"कोळ्यांची," बायजाबाईने दुरुस्त केलं. "लग्नाचं कायतरी बघायचं तं कोली बघीत बसलीय."

"कोळ्याची मादी नवऱ्याला खाते बोलतात," मनोज म्हणाला. "म्हणून शिकते असंल."

सगळे हसले. मृणाली भाकरी मोडत राहिली. कमळताईंना राहवलं नाही.

"हसा," त्या म्हणाल्या. "त्या ओहळात जो कोळी आहे ना, तो जगाच्या पाठीवर कुठं सापडलेला नाही. मुंबईच्या बाई म्हणाल्यात. मोठी मादी मिळाली की मृणालीच्या नावाने छापून येणार आहे. मग तुमचा उतार बघायला परदेशातनं माणसं येतील."

टेबलाखालून मृणालीने आईच्या पायावर पाय ठेवला. उशीर झाला होता. मनोजचा घास हातात राहिला. त्याने बापाकडे बघितलं. भाऊने कालवणातला बोंबील सावकाश सोलला, काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"असं हाय का," तो म्हणाला. "बरं झालं की. आपल्या आईबापाचं रान हाय, नाव होऊं दे."

परतीच्या बसमध्ये मृणाली खिडकीकडे बघत बसली होती. तशीच म्हणाली, "तुला सांगितलं होतं ना, कुणाला बोलायचं नाही."

"कुणाला कुठं बोलले? भाऊला बोलले."

पाडवा झाला आणि चारच दिवसांत भाऊ कमळताईंच्या फ्लॅटवर आला. एकटा, हातात घरच्या तांदळाची पिशवी. मृणाली कॉलेजला गेली होती. भाऊने चपला बाहेर काढल्या, आईच्या फोटोला हात जोडले आणि खाली, फरशीवर बसला. लहानपणी बसायचा तसा, बहिणीच्या पायाशी. चहा घेतला. आईची आठवण काढली. राबाच्या दिवसांची काढली.

"तू किती पाला काढायचीस, ताई. मना पाटीत बसवून वरती पाला टाकायचीस. आठवतं?"

कमळताईंना आठवत होतं. डोळे भरून आले. मग भाऊने वरकसच्या सहीचं बोलणं काढलं. त्याचं वय झालं, मागे पोरांत भांडणं नकोत, तिचं नाव आहे म्हणून पुढचं काही होत नाही. हे सगळं त्याने हळू आवाजात सांगितलं, जणू त्यालाच लाज वाटत होती.

"मी कुठं नाही म्हणते," कमळताई म्हणाल्या. "पण एक कर. पाऊस लागेपर्यंत मशीन आणू नको. झाड तोडू नको. आई असताना रान जसं होतं तसं ठेव तेवढे दिवस. पोरीचं सगळं अडलंय त्यावर."

भाऊने त्यांच्या पायाला हात लावला.

"आईची आन. एक झाड तुटनार न्हाय. रान आईच्या टायमाला होतं तसंच ठेवतो. बस?"

हे कागदावर मागावं असं कमळताईंच्या मनात आलंसुद्धा नाही. भावाकडून शब्द लिहून घ्यायचा म्हणजे राखी बांधून पावती मागण्यासारखं. त्याच दुपारी रजिस्टर ऑफिसात त्यांचा फोटो काढला, अंगठा घेतला, वरकसच्या हक्कसोडावर सह्या घेतल्या. बाहेर आल्यावर भाऊने त्यांना उसाचा रस पाजला. घरी बायजाबाईने पाटावर बसवून साडी दिली. मोतिया रंगाची, भारी होती.

संध्याकाळी मृणालीने साडी बघितली.

"ही कशाची?"

कमळताईंनी सांगितलं. मृणाली खुर्चीवर बसली.

"लिहून घेतलंस?"

"भाऊ आहे माझा."

"काय म्हणालीस नक्की? शब्द सांग."

कमळताईंनी शब्द सांगितले. मशीन नको, झाड नको, रान आईच्या वेळचं. मृणाली ऐकत होती. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. "बरं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी जायचं ठरलं, आदल्या फेरीत तिला बऱ्याच वाढलेल्या माद्या दिसल्या होत्या.

रविवारी वज्रेश्वरीच्या बसमधून फाट्यावर उतरल्या आणि पायवाटेला लागल्या. अर्ध्या वाटेत कमळताई थांबल्या. नाक वर करून त्यांनी श्वास घेतला. शेण, काटक्या, सुका पाला आणि माती एकत्र जळतात तेव्हा जो वास येतो तो दुसऱ्या कशालाच येत नाही. गोड, जाड, घशात बसणारा.

"राब भाजतंय कोणीतरी," त्या हरखून म्हणाल्या. "किती वर्षांनी गं. आता कोण लावतं भात इकडं? आमची आई पदर बांधून..."

मृणाली धावत सुटली होती. पिशवीतल्या नळ्या खुळखुळत होत्या.

कमळताई मागाहून पोचल्या तेव्हा त्यांना आधी काही कळेना. झाडं सगळी होती. ऐन होता, कुंभा होता, आसाणा होता. एकही फांदी तुटलेली नव्हती. पण उतार नागडा होता. वरपासून ओहळापर्यंत लाल माती, आणि मातीवर दाताळ्याच्या रेघा, सारवलेल्या अंगणावर असाव्यात तशा नीट. पान म्हणून नव्हतं. दगडांच्या बेचक्यांतसुद्धा केरसुणी घातली होती. कुठूनतरी मजूर आणले असणार, घरच्या माणसांना एवढं जमलं नसतं.

खाली, घरामागच्या एकुलत्या एक वाफ्यात पाल्याचा ढीग धुमसत होता. वरून माती टाकली होती, म्हणून जाळ दिसत नव्हता, नुसता धूर. भाऊ डोक्याला पंचा बांधून काठीने कडा आत लोटत होता.

"ये, ताई," तो म्हणाला. "बघ. म्हटलं, यंदा राब भाजू. घरचा तांदूळ लावतो एवढ्या वाफ्यात. तू परवा बोललीस तवापासून मना आईची सारखी आठवण येत होती."

"भाऊ, तू शब्द दिला होतास."

"मंग? झाड तोडलं का? मशीन आनली? जा, मोजून ये." तो काठीवर रेलला. "आईच्या टायमाला रान कसं होतं, सांग तू. दरसाल चैत्रात पाला काढायचो का न्हाय? तूच झाडायचीस. आईच्या टायमासारखंच ठेवलंय की."

कमळताईंनी नजरेनेच झाडं मोजली. तो एक शब्द खोटं बोलला असता तर त्यांनी ते धरलं असतं. तो सगळं खरं बोलत होता. आई असती तर तिनेही हेच केलं असतं, गाणं म्हणत.

"मामा," मृणाली म्हणाली. ती उतारावरून खाली आली होती. "तुला माहीत होतं पाल्यात काय आहे."

"मना काय म्हाईत, पोरी? मी अडानी." त्याने काठीने एक पेटती डहाळी आत ढकलली. धुरातून काहीतरी बारीक बाहेर पळालं. भाऊने काठीच्या टोकाने ते परत आत सारलं. अगदी सहज, बोलता बोलता. "तुमची पीएचडी पाल्यात असती ते आमाला कोनी सांगितलं? बायजे, च्या टाक गं. ताई आलीय."

चहा कोणी घेतला नाही. मृणाली परत वर गेली आणि कमळताई तिच्यामागे. ओहळाच्या अगदी तळाशी, जिथं केरसुणी पोचली नव्हती अशा दगडांखाली अजून ओला पाला चिकटून होता, मूठ मूठ. मृणाली एकेक दगड उलटत होती. ऊन डोक्यावर आलं. कमळताई चादर धरून उभ्या होत्या. कशासाठी धरली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुंग्या निघाल्या, गोम निघाली, एक बेडूक निघाला. एका मोठ्या दगडाखाली मृणालीचा हात थांबला.

"आई. नळी."

लेकुरवाळी होती. चांगली मोठी, पूर्ण वाढलेली. दगड उचलला तरी पळाली नाही, कारण पाठीवर पिल्लं होती. इतकी की पाठीचा रंगसुद्धा दिसत नव्हता, पट्टा तर दूरच. पिल्लं हलत होती, जशी उकळी यायच्या आधी दुधावर साय हलते. एका बाजूचा एक पाय करपला होता, तो ती दुमडून धरत होती. उतारावरून इथवर आली असावी.

मृणालीने तिला नळीत घेतलं आणि दुसरी, स्पिरिटची नळी पिशवीतून काढली.

"मृणू, सोड तिला."

"का?"

"पोरं आहेत अंगावर. आणि शेवटची असेल गं."

"शेवटची आहे म्हणूनच," मृणाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जिवंतपणी पोटाखालची नक्षी दिसत नाही. झाकण काढ."

"घरी नेऊ. पिल्लं उतरली की मग..."

"उतरेपर्यंत ही मेली, आक्रसली, की मग काय बघू? तुझी साडी?" तिने स्पिरिटची नळी आईच्या हातात दिली. "तू धर. मला दोन्ही हात लागतात."

कमळताईंनी धरली. मृणालीने कोळिणीची नळी उलटी करून तळावर टिचकी मारली. ती खाली पडली. पिल्लं आधी सुटली नाहीत. आईला घट्ट धरून होती, आणि ती तडफडली तशी जास्तच घट्ट झाली. मग एकेक सुटू लागलं. पांढुरकी, खसखशीएवढी, स्पिरिटमध्ये हळूहळू तळाला जाऊ लागली. काही वर यायला बघत होती. कमळताईंनी मान फिरवली.

"बघून सांग, हलायची थांबली की," मृणाली म्हणाली. "मला इकडं दगड बघायचेत."

म्हणून त्यांना बघावं लागलं. थांबली तेव्हा त्यांनी सांगितलं.

आणखी काही सापडलं नाही. उतरताना मृणालीच्या हातातली नळी भाऊने बघितली होती. चार दिवसांनी भाऊचा फोन आला. आवाजात तीच मऊ लाडीगोडी.

"काय ताई, निघाली का ती जगावेगळी?"

"बघतेय मृणाली."

"निघाली तं सांग हां. मनोजला झोप न्हाय. कुठं पेपरात वाचलंय त्यानी, कुठल्या बेडकापायी कुनाचं काम थांबलं."

कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मृणालीने त्या शनिवारी घरी आणला. जेवणाच्या टेबलावर ठेवला, दिवा लावला, कोळीण बशीत उताणी केली आणि सुईने पिल्लं बाजूला करायला लागली. कमळताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मृणालीने एकदा बघितलं. पुस्तक उघडलं, चित्रावर बोट ठेवलं, परत बघितलं. असं बऱ्याचदा केलं. मग कोळीण पालथी केली आणि पाठ बघितली.

"ही ती नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"साधी आहे. भाताच्या बांधावर असते तीच. पट्टा सलग आहे. कुठल्याही शेतात शंभर मिळतील." तिने सुई पुसून ठेवली. "ती वेगळी होती, ती गेली. माझ्याकडं नुसती पोरं आहेत तिची, नळ्यांत. पोरांची जात सांगता येत नाही."

"मग आता?"

"आता काही नाही. बाईंना कळवते, त्या जातीचं लिहिता येणार नाही. पुढच्या वर्षी दुसरी जागा शोधा म्हणतील. पुढच्या वर्षी जागा निघाल्या कॉलेजात तर निघाल्या." ती उठली. "बघ ना तू. ये. तुला आवडते ना लेकुरवाळी."

कमळताई टेबलाशी बसल्या. डोळा लावला. भिंगाच्या उजेडात कोळीण केवढी तरी मोठी दिसत होती, मोठे दोन डोळे काळे, चमकणारे. पाठीवरच्या केसांना दोन पिल्लं अजून पाय गुंतवून होती. सुईलाही सुटली नव्हती.

"मामाला फोन कर," मृणाली पाठीमागून म्हणाली. "सांग साधी निघाली. झोप म्हणावं मनोजला." आणि तिने आईचा फोन लावून हातात दिला.

घंटा वाजत होती. त्या तेवढ्या वेळात कमळताईंच्या मनात जे आलं ते त्यांच्या आजवरच्या आयुष्यात भावाविषयी कधी आलं नव्हतं. त्याला दुखवावं. एकदा तरी रात्रभर त्याने जागं राहावं, घाम पुसावा, वाटावं की परदेशातली माणसं, सरकारची माणसं, सगळी त्या उतारावर उभी आहेत.

"बोल, ताई."

"निघाली," कमळताई म्हणाल्या. "तीच आहे. जगात कुठं नाही अशी. तुमच्या उतारावरची."

मृणालीने मान वर केली. पलीकडे भाऊचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे टीव्ही. कमळताईंनी फोन कानाला दाबून धरला. तो श्वास अडतोय का ते त्या ऐकत होत्या.

"अजून हायत का तिथं?" भाऊने विचारलं. "तसल्या?"

"नाहीत," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "एक नाही उरली."

"आन् ही?"

"ही मेलेली."

भाऊने सुस्कारा सोडला, दिवसभराचं ओझं उतरवल्यासारखा.

"मंग बरं झालं, वेळेवर राब भाजला," तो म्हणाला. आणि आतल्या कोणाला तरी हाक मारून म्हणाला, "मनोज, सोमवारी मशीन बोलाव रे." मग पुन्हा फोनवर, त्याच मऊ आवाजात, "ताई, अक्षय्य तृतीयेला जेवायला ये. ती साडी नेसून ये. तुला शोभती."